वीतभर माती

शिरीषाच्या झाडाला सिमेंटची कॉलर घालण्याची कल्पना ज्या कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली असेल, त्याच्या शर्टाचं गळ्यापाशचं बटण एकदा कायमचं शिवून टाकावं आणि वर त्यालाच विचारावं, "कसं वाटतंय?" असं रीतसरकाकांचं मत होतं. हे मत ते ऐकेल त्याला ऐकवत होते. जो ऐकत नसे त्याला जिन्यात गाठून ऐकवत होते.

रीतसरकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. उभी हयात कचेरीत हेडक्लार्क म्हणून घालवल्यावर माणसाला ज्या सवयी जडतात, त्यातली एक त्यांना जरा जास्तच जडली होती. नळ गळू दे, लिफ्ट अडकू दे, कोणाचं ठरलेलं लग्न मोडू दे, काका म्हणणार, "हे आधी रीतसर व्हायला पाहिजे होतं." त्यामुळे सगळी इमारत त्यांना रीतसरकाका म्हणे. काकू एरवी पाठीमागे म्हणत आणि चिडल्या की तोंडावर.

तर त्या सकाळी काका पेपर आणायला खाली उतरले आणि फाटकाबाहेर पाऊल टाकताच थबकले. फुटपाथचं नूतनीकरण चाललं होतं. नूतनीकरण! शब्द कानाला किती गोड लागतो! प्रत्यक्षात काय, तर चांगल्या धडधाकट फरश्या उखडायच्या आणि त्यांच्या जागी गुलाबी-करडे ठोकळे बसवायचे, जे पहिल्या महिन्यातच डुगडुगायला लागतात. हे ठोकळे रांगेने शिरीषाच्या बुंध्यापर्यंत येऊन भिडले होते. ठोकळे आणि साल यांच्यात जी बोटभर फट उरली होती, तीत एक माणूस थापीने सिमेंट लिंपत होता. अगदी मन लावून लिंपत होता, हेच काकांना जास्त झोंबलं.

आता हे झाड म्हणजे काही कुंडीतलं रोपटं नव्हतं. बुंधा तिघांच्या कवेत मावायचा नाही. रस्ता सरळ येता येता त्याच्यापाशी वळसा घेतो, म्हणजे आधी झाड आणि मग रस्ता, हे कोणालाही कळावं. दुपारी अर्धी गल्ली त्याच्या सावलीत डुलक्या काढते. संध्याकाळ झाली की त्याची पानं मिटतात आणि दिवसभर झाकलेलं आभाळ काकांच्या बाल्कनीत उतरतं. काका-काकू तेव्हा तिथे बसून चहा घेतात. त्या चहाच्या वेळेत दोघांचं भांडण होत नाही. इतर वेळी होतं.

"अहो, झाडाला थोडी जागा ठेवा!" काका ओरडले.

मुकादमाने झाडाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ठेवलीय की. झाडाच्या जागी झाडच आहे. तिथे ठोकळा बसवलाय का आम्ही?"

"तसं नाही हो! मुळांना पाणी कुठून जाणार? हवा कुठून जाणार? चहूबाजूंनी वीतभर तरी माती मोकळी सोडा."

"नकाशात माती नाही," मुकादम म्हणाला. "माती ठेवली की चिखल होतो. चिखल झाला की तुम्हीच तक्रार करता."

"मी? मी कधी केली?"

"तुम्ही म्हणजे तुम्ही नाही हो. पब्लिक."

रीतसर माणसाला सगळं सहन होतं, पण 'पब्लिक'मध्ये ढकललेलं सहन होत नाही. काका पेपर न घेताच तरातरा वर आले आणि काकूंना म्हणाले, "मी हे प्रकरण हातात घेतोय."

"घ्या," काकू म्हणाल्या. "आणि पेपर?"

प्रकरण हातात घेतल्याची बातमी संध्याकाळपर्यंत इमारतभर झाली आणि सल्ले सुरू झाले. सल्ला ही एकच गोष्ट आपल्या लोकांना दारापर्यंत आणून द्यायला आवडते. पहिले आले वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर. यांची पांढरी गाडी वर्षानुवर्षं त्याच झाडाखाली उभी असते. शिरीषाच्या चिकट शेंगा टपावर पडतात म्हणून ते रोज झाडाला शिव्या घालतात, आणि गाडी पलीकडे का लावत नाही म्हणून विचारलं तर म्हणतात, "तिकडे ऊन लागतं ना!"

"अर्ज करा," मॅनेजर म्हणाले. "पण अर्जात 'झाड' लिहू नका. झाड म्हटलं की कोणी वाचत नाही. 'हरित मालमत्ता' लिहा. मालमत्ता म्हटलं की सगळे दचकतात."

तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई मात्र मुद्द्याचं बोलल्या. "काका, हिरडी आवळली ना, की दात वरून कितीही मजबूत दिसू दे, तो गेलाच समजा. झाडाचं तेच होणार. तुम्ही लढा." काकांना भरून आलं. एवढ्या मोठ्या इमारतीत एक तरी सुजाण माणूस आहे म्हणायचं. तेवढ्यात बाई पुढे म्हणाल्या, "आणि नाहीतरी त्या खात्यात जाताच आहात, तर ती खालची फांदी तेवढी बघा ना. माझी पाटी पूर्ण झाकते हो."

काका रीतसर निघाले. अर्ज स्वच्छ अक्षरात, समास सोडून, खाली 'आपला विश्वासू'. रस्ते खात्यातल्या साहेबांनी तो हातात न घेताच वाचला. "झाडाचा विषय आमच्याकडे नाही. उद्यान खातं."

उद्यान खात्यातले साहेब गोड बोलणारे होते. त्यांच्या टेबलावर प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ होता. "झाड आमचंच आहे, काका. पण झाड म्हणजे काय? जमिनीच्या वर जे दिसतं ते. तुमची तक्रार मुळांची आहे. जमिनीखालचं आमच्याकडे येत नाही. खालचं सगळं जलनिःसारणकडे."

काका तळघरातल्या जलनिःसारण खात्यात उतरले. तिथे एकदाचा एक उत्साही माणूस भेटला. "मुळं? हो हो, मुळं आमच्याकडेच. कुठे आहेत? पाइपात शिरलीत का? पत्ता द्या, उद्याच माणसं पाठवून तोडून टाकतो!" काकांनी पत्ता तर दिला नाहीच, उलट अर्जाची घडी करून खिशात घातली आणि मागे न बघता जिना चढले.

म्हणजे बघा! एक जिवंत झाड. वरून एकाचं, खालून दुसऱ्याचं आणि भोवतीचं तिसऱ्याचं. मधल्या मध्ये ते गुदमरलं तर ते कोणाचंच नाही. माणसाचं असं खातेवाटप केलं तर चालेल का? साहेबांचा गळा आवळल्यावर कोणी म्हणालं, की आमच्याकडे फक्त पाय आहेत, तर? काकांनी हा प्रश्न बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांना विचारला. ते पुढच्या स्टॉपला उतरून गेले.

यानंतर काकांच्या हातून आयुष्यातलं पहिलं बेकायदेशीर कृत्य घडलं. कचेरीतली पेन्सिलसुद्धा कधी घरी न आणलेला हा माणूस. रविवारी दुपारी गल्ली झोपलेली असताना ते एक स्क्रूड्रायव्हर आणि स्वयंपाकघरातलं उलथणं घेऊन खाली गेले आणि बुंध्याजवळचे ठोकळे खरवडू लागले. घामाने डबडबून दोन ठोकळे निघाले. खाली माती दिसली. काकांनी तिला हात लावला. ती भुकटीसारखी कोरडी होती. तांब्याभर पाणी ओतलं तर ते 'चर्र' करून दिसेनासं झालं.

संध्याकाळी मॅनेजर गाडीतून उतरले ते थेट त्या खळग्यातच. पाय मुरगळला. मुरगळला म्हणजे किती, तर लिफ्टपर्यंत ते लंगडले आणि लिफ्टमधून बाहेर पडताना लंगडायचं विसरले. पण तक्रार तडक गेली. महिनोन्‌महिने अर्ज पडून राहणाऱ्या त्या रस्ते खात्याची गाडी दुसऱ्या सकाळी हजर! मुकादमाने खळगा बुजवला, वर एक पाटीभर सिमेंट जास्त ओतलं आणि सगळ्या गल्लीसमोर काकांना विचारलं, "ठोकळे घरी नेत होता का? गॅलरीत बसवायला?"

काका उत्तर द्यायला पुढे सरसावले. तेवढ्यात बाल्कनीतून काकू ओरडल्या, "आधी माझं उलथणं सरळ करून आणा!" सगळी गल्ली हसली. त्या दिवशी बाल्कनीतल्या चहालाही भांडण झालं.

पण झाडाची गोष्ट हसण्यावारी जाणारी नव्हती. उन्हाळा चढला तशी शिरीषाची पानं अवेळी पिवळी पडून गळू लागली. रस्त्याकडची एक मोठी फांदी पार उघडी पडली. संध्याकाळी इतर फांद्यांची पानं मिटत, त्या फांदीवर मिटायला काही उरलंच नव्हतं. काका बाल्कनीत बसून त्या फांदीकडे बघत राहत. काकू आता उलथण्याचं बोलत नसत. एकदा त्या नुसत्याच म्हणाल्या, "अहो, पुन्हा एकदा जाऊन बघा ना त्या खात्यात."

काका गेले. उद्यान खात्याच्या दारावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फलक लागला होता, 'रोपे लावा, पृथ्वी वाचवा'. आत गोड बोलणारे साहेब कपाळाला हात लावून बसले होते.

"काका, मोठ्या झाडाचं काही सांगू नका. मोठ्या झाडासाठी योजनाच नाही. योजना फक्त रोपांसाठी आहे. वरून हुकूम आलाय, अमुक इतकी रोपं लावा. लावू कुठे? सगळीकडे फुटपाथ केलेत! रोपं मागच्या अंगणात वाळतायत."

काका खुर्चीच्या कडेवर सरकले. "आणि जागा मिळाली तर? फुटपाथ फोडावा लागला तर?"

"फोडू की! रोपांसाठी फुटपाथ फोडायला कोण नाही म्हणतंय? रस्ते खातं दुसऱ्या दिवशी माणसं देईल."

हेडक्लार्क कुठलेही असोत, संधी ओळखतात. काकांनी तिथेच कोरा कागद मागून घेतला, फुटपाथचा नकाशा काढला आणि त्यावर गोलाकार ओळीत दहा रोपं मांडली.

"मध्ये हा मोठा गोल कसला?" साहेबांनी विचारलं.

"ते आधीपासून आहे," काका म्हणाले. यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

साहेबांनी सही केली. अर्जदार म्हणून काकांनीही केली.

आणि मग तो दिवस उजाडला. तोच मुकादम, तीच माणसं, तोच फुटपाथ. ज्या सिमेंटला हात लावला म्हणून काका चोर ठरले होते, तेच सिमेंट यंत्राने खडाखड फुटत होतं आणि मुकादम विचारत होता, "साहेब, बरोबर होतोय ना खड्डा?" काका झाडाखाली ऐटीत उभे राहून सूचना देत होते. "अजून रुंद घ्या. हा त्याला जोडून घ्या. जवळजवळ, जवळजवळ!" सरतेशेवटी दहा खड्डे मिळून एकच गोल खड्डा झाला आणि शिरीषाच्या बुंध्याभोवती वीतभर कसली, चांगली हातभर माती मोकळी झाली. काकांनी तळमजल्यावरून नळी लावली. माती किती वेळ पाणी पीत होती! काका नळी धरून उभे होते आणि डोळे पुसत होते, आणि नळीचं पाणी उडालं असं मुकादमाला सांगत होते.

रोपं लावायला एक मोठे पाहुणे आले. रिबिनी, खुर्च्या, माइक, सगळं आलं. पाहुण्यांनी एका रोपाला हात लावला आणि फोटोवाला म्हणाला, "सर, चेहऱ्यावर सावली येतेय." पाहुणे इकडे सरकले, तिकडे सरकले, सावली काही हटेना. "हे मध्ये काय आहे?" पाहुण्यांनी वर बघत जरा त्रासून विचारलं. झाड, असं त्यांना कोणीच सांगितलं नाही. काकांना 'दोन शब्द' बोलायला सांगितलं होतं. ते "मोठी झाडं" एवढे दोनच शब्द बोलले आणि माइक काढून घेतला गेला, कारण पाहुण्यांना दुसरीकडे आणखी रोपं लावायची होती.

असो. मान-अपमान काकांनी गिळला. झाड वाचलं होतं. रोपांचं काय, ती अशीच लावतात आणि अशीच वाळतात, हे काकांनी गृहीत धरलं होतं. आणि इथेच काका फसले.

कारण काका रोज सकाळ-संध्याकाळ शिरीषाला पाणी घालत होते. शिरीष पाणी प्यायला आणि रोपंही प्यायली. शिरीषाच्या उघड्या फांदीवर हिरवी टोकं दिसू लागली आणि रोपंही तरारली. शहरभर लावलेली बाकी सगळी रोपं यथावकाश वाळली, मोडली, ठोकळ्यांखाली गाडली गेली. जगली ती फक्त ही दहा. उद्यान खात्यात आनंदीआनंद झाला. तपासणीची माणसं येऊन पट्टीने उंची मोजून जाऊ लागली. रोपांभोवती हिरवं जाळीचं कुंपण झालं. 'आदर्श वृक्षारोपण' अशी पाटी लागली, आणि ती नेमकी डॉक्टरीणबाईंच्या पाटीसमोर आली, त्यामुळे बाईंनी काकांशी बोलणं सोडलं.

मग एका सकाळी शिरीषाच्या बुंध्यावर एक सूचना ठोकलेली दिसली. खिळ्यांनी ठोकली होती. काकांनी चष्मा लावून वाचली. आदर्श रोपांच्या वाढीस सूर्यप्रकाशाअभावी अडथळा होत असल्याने सदर जुने झाड तोडण्याचे योजिले आहे. कोणाची हरकत असल्यास कळवावे.

काकांनी ती पुन्हा वाचली. मग चष्मा पुसून वाचली. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, हे गल्लीने त्या दिवशी पाहिलं.

"बरं झालं," मॅनेजर गाडीवरच्या शेंगा झटकत म्हणाले. "शेंगांची कटकट जाईल."

"आणि ऊन?" काका गरजले. "ऊन लागेल तेव्हा?"

"ऊन?" मॅनेजरांनी वर पाहिलं. हा मुद्दा त्यांच्या लक्षातच आला नव्हता. "मग... रोपं मोठी होतील की."

काकांनी हरकत नेऊन दिली. तिचं उत्तर नेहमीच्या मानाने फार लवकर आलं. 'आपण स्वतःच सदर रोपांचे अर्जदार असल्याने, आपणांस आपल्याच अर्जाविरुद्ध हरकत घेता येत नाही.' काका तो कागद हातात घेऊन खात्यात धडकले.

"अहो साहेब, रोपांसाठी झाड तोडता? लाज वाटत नाही? पोराला मोकळं खेळता यावं म्हणून घरातल्या आजोबांना मारतात का?"

"काका, चिडू नका. एक जातंय, दहा येतायत. तुम्ही तर हेडक्लार्क. हिशेब करा."

"कसली दहा? एका खड्ड्यात दाटीवाटीने लावलीत. त्यातलं एक तरी मोठं होईल का? उद्या तीही मरतील!"

"तेव्हा मी इथे नसेन," साहेब मनापासून म्हणाले. "मला बढती मिळतेय. या रोपांमुळेच मिळतेय, खरं सांगायचं तर."

घरी येऊन काका पंख्याखाली बसले. "पाणी घालायचं थांबवा," काकू म्हणाल्या. "रोपं वाळतील, विषय संपेल."

"आणि शिरीष? ते पाणी त्याचंच आहे गं. आत्ता कुठे सावरतोय तो."

काकूंनी उठून मोरीतल्या बादल्या बाहेर काढल्या आणि काकांपुढे ठेवल्या. "मुळासकट काढा," म्हणाल्या. "मातीसह. मारायची नाहीत."

दुसऱ्या सकाळी काका चांगले आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरले. ऑफिसला निघालेली माणसं बघत होती, शाळेची बस उभी होती. काकांनी हिरवी जाळी बाजूला केली आणि एकेक रोप मातीच्या गोळ्यासकट उपटून बादल्यांत, टबात, पिंपात ठेवलं. मॅनेजर वरून ओरडले, "काका, गुन्हा आहे हा!"

"माहीत आहे!" काका ओरडले. "साक्षीदार म्हणून खाली या!"

तासाभरात उद्यान खात्याचे साहेब हजर. वृक्षहत्येचा पंचनामा झाला. उपटलेली रोपं मुद्देमाल म्हणून जप्त झाली. पण खात्याच्या गाडीत जागा नव्हती, त्यामुळे ती बादल्यांसकट मोहोर मारून आरोपीच्याच ताब्यात ठेवण्यात आली आणि ती जिवंत ठेवण्याची लेखी हमी आरोपीकडून घेण्यात आली. काकूंनी आंघोळ कशात करायची, याचा उल्लेख पंचनाम्यात नव्हता. झाडाभोवती प्लास्टिकची पट्टी बांधली गेली. तिच्यावर लिहिलं होतं, 'चौकशी पूर्ण होईपर्यंत घटनास्थळी कोणताही बदल करू नये.'

आरोपी! काकांना तो शब्द रात्रंदिवस टोचत राहिला. जिन्यात लोक वाट सोडून उभे राहत. ज्या कचेरीत ते वर्षानुवर्षं मान ताठ ठेवून बसले, तिथल्या जुन्या सहकाऱ्याने फोन करून "काळजी घ्या" म्हटलं, आणि ते 'काळजी घ्या' काकांना शिवीसारखं लागलं.

मग एके दिवशी बाल्कनीतून त्यांना मुकादम दिसला. ठोकळ्यांनी भरलेली गाडी आणि सिमेंटची पोती घेऊन तो खड्डा बुजवायला आला होता. त्याने पट्टी पाहिली, वाचली, डोकं खाजवलं. थोड्या वेळाने झाड तोडणारी माणसं दोर आणि करवत घेऊन आली. त्यांनीही पट्टी वाचली. मुकादम आणि ते मिळून शिरीषाच्या सावलीत बसले, विड्या ओढल्या आणि निघून गेले.

काका कितीतरी वेळ कठड्याला धरून उभे होते. घटनास्थळी कोणताही बदल करू नये. कोणताही! चौकशी पूर्ण होईपर्यंत! आणि चौकशी पूर्ण होणं म्हणजे काय असतं, हे या शहरात हेडक्लार्कइतकं कोणाला ठाऊक असणार?

चौकशीच्या पहिल्या तारखेला काका साक्षीदारांची यादी करायला मुदत हवी म्हणाले. दुसऱ्या तारखेला त्यांनी मुद्देमालाची उंची वाढल्यामुळे पंचनामा दुरुस्त व्हावा, असा मुद्दा काढला. पुढे एकदा त्यांचा चष्मा हरवला, एकदा चौकशी अधिकाऱ्यांचा हरवला. मधल्या काळात शिरीषाची ती उघडी फांदी पुन्हा भरली आणि संध्याकाळी इतरांबरोबर मिटू लागली.

मग एका तारखेला चौकशी अधिकारी काकांना म्हणाले, "या, बसा. काकू, तुम्हीही या आत." माणूस भला होता. भले अधिकारी हा सरकारी कामातला सगळ्यात मोठा धोका. "मी वर बोललोय. तुमचं वय, तुमची नोकरी, सगळं स्वच्छ. कशाला या वयात डाग लावून घेता? माफीचे दोन शब्द लिहून द्या. आज, आत्ता प्रकरण बंद करतो. तुम्ही निर्दोष."

कोरा कागद काकांपुढे सरकला. कोणाच्याही नजरेला नजर देता येईल, जिन्यात लोक पुन्हा हसून बोलतील, फोनवर कोणी काळजी घ्यायला सांगणार नाही. फक्त पट्टी निघेल. आणि पट्टी निघाली की मुकादम येईल, किंवा दोरवाले येतील, जो आधी पोहोचेल तो.

काकांनी कागद परत सरकवला. "मी निर्दोष नाही," ते म्हणाले. "दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, मी दहा रोपं उपटलीत. असल्या माणसाला तुम्ही दोन शब्दांवर सोडता? मग कायदा कशाला केलात? माझी सखोल चौकशी झाली पाहिजे, साहेब. अगदी सखोल."

"काका, अशाने तुम्ही मरेपर्यंत आरोपीच राहाल!"

काका हसले. खूप दिवसांनी हसले. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला, कारण साहेबांच्या बोलण्यातली अडचण त्यांच्या लक्षात आली. झाड त्यांच्यापेक्षा फार जास्त जगणार होतं. आरोपीच गेला तर चौकशी कोणाची करणार? प्रकरण आपोआप बंद.

ते काकूंकडे वळले. काकू आधीच उठून टेबलापाशी आल्या होत्या.

"माझंही नाव लिहा," त्या साहेबांना म्हणाल्या. "बादल्या मी दिल्या, उपटा असंही मीच सांगितलं. आणि मी यांच्यापेक्षा चांगली सहा वर्षांनी लहान आहे."

अधिकाऱ्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग पेन उचलून त्यांनी काकांच्या नावाखाली काकूंचं नाव लिहिलं आणि पुढची तारीख दिली.